आठ जणांचा पौषातला वाढदिवस

वत्सलाकाकू. हे नाव पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आमच्या घरात मागाहून काही करायला कोणाला वेळ मिळाल्याचं मला आठवत नाही. ती माझ्या धाकट्या काकांची बायको. अंजनगाव सुर्जीकडची, सातवी पास, आणि आमच्या घरात वर्तमानपत्र वाचणारी एकटी. वर्तमानपत्र आमच्याकडे रद्दीतून यायचं, किलोनं, फुलांचे पुडे बांधायला. पुडा बांधता बांधता काकू ते वाचायची. त्यामुळे देशात काय चाललंय ते तिला महिना-दीड महिना उशिरा कळायचं. पण त्यामुळे तिचं काही अडलं नाही, आणि देशाचंही नाही. मी आज नावापुढे बी.ए. लिहितो, तालुक्याच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालो, लोक मला सर म्हणतात. या सगळ्याचं मूळ त्या रद्दीत आणि ती वाचणाऱ्या बाईत आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजचं फाटक कोणी ओलांडलं असेल तर ते हार पोचवायला.

आमचा मळा बार्शीटाकळीजवळच्या एका गावाला लागून होता. काळी जमीन, एक विहीर, त्यावर झेंडू, शेवंती आणि हिवाळ्यात वांगी, कोबी, सांबार म्हणजे कोथिंबीर. माझे बाबा थोरले, त्यांच्या पाठीवर दोन काका, आणि तिघांची मिळून आम्ही आठ पोरं. आमचं घर कामात असायचं. गावात इतर लोक काम करायचे, आमचे लोक कामात असायचे, आणि या दोन्हींत फरक आहे. काम करणारा माणूस काम संपलं की थांबतो. बाबा निंबाखाली खाटेवर डोळे मिटून पडलेले असले तरी कामात असायचे, आणि कोणी हाक मारली तर तसं सांगायचेही. पाहुणा आला तर त्याच्या हाती आधी सुई-दोरा जायचा आणि मग चहा. पाहुणा हार ओवता ओवता आल्याचं कारण सांगायचा, तेवढ्यात पाच-सहा हार होऊन जायचे. लग्नसराईत तर बाबांना आमची नावंही पूर्ण घ्यायला फुरसत नसायची. "अबे तू, आन् तू, आन् ते लहानं," असं म्हणाले की तिघं उठायचे.

अशा घरात आठ पोरांचे आठ वाढदिवस वर्षभर विखरून ठेवणं परवडणारं नव्हतं. काही पोरं तर ऐन दसऱ्यात जन्मली होती, काही तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे झेंडूला सोन्याचा भाव असताना. हा त्यांच्या आयांचा निष्काळजीपणाच म्हणायचा. म्हणून आजोबांच्या काळापासून एक सोय होती. पौषात लग्नं लागत नाहीत. मुहूर्तच नसतात. त्यामुळे हार नाहीत, मांडव नाहीत, आणि फुलं झाडावरच वाळतात. वर्षातला हा एक महिना आमच्या घराला जरा रिकामा असायचा, तेव्हा त्यातला एक रविवार आम्हा सगळ्यांच्या जन्मासाठी राखून ठेवला होता. पौषातला तिसरा रविवार. त्या दिवशी आठही जण एकदम एका वर्षानं मोठे व्हायचे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली, तर बाबांनी आठही वेळा हेच सांगितलं, आणि मास्तरांनी आठही वेळा जानेवारीतली एकच तारीख लिहिली. आमच्या शाळेच्या दाखल्यांवर विश्वास ठेवायचा झाला, तर आमच्या घरातल्या तिन्ही सुना एकाच तारखेला बाळंत होत, वर्षाआड.

वाढदिवसाला थाट मात्र असायचा, कारण फुलं फुकट होती. न खपलेल्या झेंडूचे जाड हार गळ्यात घालून आम्हाला उंचीप्रमाणे ओळीत बसवायचे. समोरून पाहणाऱ्याला आठ पुढाऱ्यांचा सत्कार चालल्यासारखं वाटावं, नाही तर आठ तसबिरी मांडल्यासारखं. आई कणकेचे पाच दिवे करायची, काकू ताट धरायची आणि एकाच औक्षणात डावीकडून उजवीकडे सगळ्यांना उरकायची. मधल्या पोराच्या वाट्याला ज्योत येईपर्यंत तिसरा दिवा विझलेला असायचा. मग मळ्यात रोडगे. गोवऱ्यांचा जगरा करायचा, त्यात कणकेचे गोळे भाजायचे, राख झटकून तुपात कुस्करायचे. सोबत वांग्याची भाजी, तर्री वर आलेली, आणि घट्ट वरण. त्या भाजीचा ठसका आणि गोवऱ्यांचा धूर एकदमच नाकात जायचा, म्हणून आमच्या बालपणीच्या आनंदाच्या सगळ्या आठवणींत डोळ्यांतून पाणी आहे.

परवा माझ्या नातवाचा वाढदिवस अकोल्याला एका सभागृहात झाला. जंगल असा विषय होता. फुग्यांची कमान, कापडाचा वाघ, आणि माईक घेतलेला एक तरुण, जो सगळ्यांना उगाच ओरडायला लावत होता. काकू आता ऐंशीच्या घरात आहे. तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "कावून रे, याचा एकट्याचाच आहे काय?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मंग एवढे लोक कावून बलावले?"

आमच्या सहलींचंही असंच होतं. हिवाळ्यात रोज पहाटे बाबा दारात येऊन म्हणायचे, "चला पोट्टेहो, फिराले." आम्ही कानटोप्या चढवून निघायचो आणि फिरणं थेट झेंडूच्या वाफ्यात संपायचं. दवानं हात बधिर व्हायचे, बोटं हिरवी व्हायची. ऊन वर येईपर्यंत टोपल्या भरलेल्या असायच्या. बाबा म्हणायचे, "मस्त हवा आहे न?" हवेबद्दल आमची तक्रार नव्हती. सर्कस पाहायला म्हणून आम्हाला अकोल्याला नेलं, तेव्हा चार तास मोटार भरायच्या दुकानाच्या ओट्यावर बसवलं. आमच्या विहिरीवरची मोटार जळली होती आणि ती तांब्याच्या तारेनं कशी गुंडाळतात, हे आम्ही आठही जणांनी इतकं बारकाईनं पाहिलं की मी आजही गुंडाळून देईन. सर्कशीचा तंबू मात्र दिसला, येताना, गाडीतून. एका हिवाळ्यात सेमाडोहच्या जंगलातला वाघ दाखवतो म्हणून ओळखीच्या टेम्पोत बसवलं. टेम्पो परतवाड्याला थांबला. बाबांनी तिथं बांबूच्या टोपल्यांचा सौदा केला, चाळीस टोपल्या टेम्पोत रचल्या आणि दूरच्या डोंगरांकडे हात करून म्हणाले, "त्या तिकडं राहते वाघ. त्याले आता आपल्यासाठी कुठं खाली बलावता?" आम्ही टोपल्यांच्या मधल्या खाचांत बसून परत आलो. शाळेत 'मी पाहिलेले जंगल' या निबंधात मला दहापैकी आठ गुण मिळाले.

आता तो हिवाळा. मी बारावीत होतो. बाबांनी माझं आयुष्य ठरवून टाकलं होतं, अर्थात कामात असतानाच. अकोल्याच्या फुलबाजारात आमचा माल घेणारे एक अडते होते, त्यांना सगळे शेठ म्हणत. त्यांना गादीवर बसायला एक लिहिता-वाचता पोरगा हवा होता. बारावीचा पेपर संपला की दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गादीवर. या हिवाळ्याच्या वाढदिवसाला शेठ रोडगे खायला येणार होते आणि तेव्हाच शब्द पक्का होणार होता. मला पुढे शिकायचं होतं, हे मी घरात फक्त एका माणसाला सांगितलं होतं. ते माणूस पुडे बांधत होतं. चार दिवसांनी काकूनं शेवंतीच्या पुड्याचा कागद सोडून, हातानं सपाट करून माझ्यासमोर ठेवला. अमरावतीच्या एका जुन्या संस्थेची जाहिरात होती. ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजात गेलेलं नाही अशा मुलांना संस्था आपल्या वसतिगृहात मोफत ठेवणार होती, जेवणासकट. निवडीसाठी एक लेखी पेपर आणि मुलाखत. अर्जाची मुदत संपायला तीन दिवस होते. रद्दीतल्या जाहिरातीच्या मानानं हे भाग्यच.

अर्ज गेला. बोलावणं आलं. तारीख वाचून मी ते काकूच्या हाती दिलं. पौषातला तिसरा रविवार होता.

त्या दिवशी घरातून एकटं बाहेर पडणं अशक्य होतं. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस आम्ही कुठं आहोत हे कोणी विचारायचं नाही, पण त्या दिवशी डोकी मोजली जायची. बाबांना खरं सांगावं तर शेठ हातचे जाणार. काकूनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी चुलीपाशी आईला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं, की बेबीच्या, म्हणजे तिच्या धाकट्या मुलीच्या दुखण्यात तिनं अमरावतीच्या अंबादेवीला नवस बोलला होता. घरातली सगळी पोरं वाढदिवसाच्या दिवशी दर्शनाला आणीन म्हणून. देवीला या नवसाची काही कल्पना नव्हती. पण आमच्या घरात देवाच्या कामाला काम मानत, म्हणून नाही म्हणायची सोय नव्हती. बाबा आणि काकू एकमेकांशी थेट बोलत नसत. ते तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, ती धाकटी सून, मध्ये पदर. त्यांचं सगळं बोलणं पोरांमार्फत व्हायचं, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या कोणत्याही एका पोरामार्फत. त्या दिवशी मीच भिंतीशी होतो.

"तुह्या काकूले सांग," बाबा म्हणाले, "जा म्हनावं. रोडगे सांजच्याला करू, शेठबी सांजच्यालाच येते. पण अमरावतीले रिकाम्या हातानं जाऊन कायले राहिली? तिथल्या नर्सरीतून उन्हाळी झेंडूची रोपं आनाची आहेत. आन् फवारनीच्या पंपाचे वायसर."

"सांग," काकू दाराआडून म्हणाली, "आनते म्हनावं."

अशा रीतीनं माझी परीक्षा नवसात गुंडाळली गेली, आणि नवस रोपांत. आमच्या घराच्या रिवाजाला धरूनच होतं सगळं. काकूनं फक्त पहिल्यांदा त्या रिवाजाचा उपयोग केला.

पहाटे निघताना आईनं सगळ्यांना हार घातले. देवीला जाताय, वाढदिवस आहे, उघड्या गळ्यानं कसं जायचं. एसटीत आम्ही आठ हारवाले आणि काकू. कंडक्टर म्हणाला, "सत्कार कुठं आहे, बाई?" काकू म्हणाली, "व्हाचा आहे अजून." मूर्तिजापूर येईपर्यंत मी माझा हार काढून थैलीत कोंबला. मी सतरा वर्षांचा होतो, इस्त्रीची पँट घातली होती आणि मला मुलाखत द्यायची होती. काकूनं पाहिलं. बेबी पाच वर्षांची होती, तिनंही पाहिलं.

अमरावतीत उतरल्यावर मी अंबादेवीकडे वळायला लागलो, तर काकू म्हणाली, "देवी कुठं पळून नाई राहिली. पेपर आधी." वसतिगृहाच्या आवारात इतर मुलं आपापल्या वडिलांबरोबर आली होती. पांढरे कपडे, खिशाला पेन, केसांना तेल. मी ज्या तांड्याबरोबर आत शिरलो, त्यात सात पिवळे हार होते, एका पोराच्या पायात चप्पल नव्हती आणि काकूच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं होतं. मी चालण्याचा वेग वाढवला. पेपर दोन तासांचा होता. खिडकीतून मला आमच्या पोरांचं ओरडणं सतत ऐकू येत होतं. ते विटी-दांडू खेळत होते, संस्थेच्या कुंडीतली काठी उपटून.

मुलाखतीच्या खोलीत तिघं होते. मधले म्हातारे, गळ्यात मफलर, निवृत्त हेडमास्तर असावेत. त्यांनी मला शेतीबद्दल विचारलं, इंग्रजी उतारा वाचून घेतला, मी बरी उत्तरं दिली. तेवढ्यात खिडकीखाली विटी कशावर तरी आपटली आणि मोठा गलका झाला. मफलरवाल्या सरांनी खिडकीकडे पाहिलं.

"कोणाची पोरं आहेत ही? ती बाई कोण?"

मी माझी सगळ्यात शुद्ध भाषा काढली. म्हणालो, "आमच्या गावातील एक बाई आहेत, सर. देवीच्या दर्शनाला आल्या आहेत. मी एकटाच आलो."

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तीन सेकंदांत, एकदाही न अडखळता, माझं मीच रचलं. शुद्ध भाषेचा माझ्या हातून झालेला तो पहिला उपयोग. खिडकी उघडी होती. काकू तिच्या खालीच उभी होती, पाठमोरी, पोरांना दटावत. तिचा उगारलेला हात तसाच वर राहिला आणि मग हळू खाली आला. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

पाच मिनिटांनी दार ढकलून बेबी आत आली. "दादा, मले सू लागली."

सरांनी तिला जवळ बोलावलं. "हार कशाला घातला, बाळ?"

"आज माहा वाढदिवस आहे."

तिच्या मागून दारात आणखी तिघं उगवली होती. "माहाबी," एक म्हणाला. "माहाबी," दुसरा.

"सगळ्यांचा आजच?"

"सगळ्यायचा," बेबी म्हणाली. "दादाचाबी आहे. त्यानं हार थैलीत लपोला."

सरांनी माझा अर्ज उचलला. त्यावरची तारीख वेगळी होती. त्यांनी ती वाचून दाखवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग मला सगळं सांगावं लागलं, फक्त घराच्या जागी गाव म्हणून. पौषात मुहूर्त नसतात, फुलांना गिऱ्हाईक नसतं, दसऱ्यात जन्मलेल्या पोरांनाही पौषापर्यंत थांबावं लागतं, शाळेच्या मास्तरांनी तारीख अंदाजानं लिहिली. उजवीकडचे सभासद हसून हसून खोकायला लागले. मफलरवाले हसले नाहीत. त्यांनी शिपायाला सांगून काकूला आत बोलावलं.

काकू उंबऱ्याच्या आत एक पाऊल येऊन थांबली. पदर पुढे ओढलेला, हाताला भाकरीचं पीठ.

"बाई, तुम्ही या मुलाच्या कोण?"

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, ती सांगेल. तिनं सांगावं असं मला फार वाटलं, कारण मग मला सांगावं लागलं नसतं.

"मी गावातली, जी," काकू म्हणाली. "देवीले आली होती."

"आणि ही मुलं?"

"हेबी गावातलेच."

"मग ही छोटी मुलगी याला दादा का म्हणते?"

"गावात सारेच त्याले दादा म्हनतेत, जी. हुशार आहे न तो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते माझ्या बोलण्याची वाट पाहत होते, हे मला तेव्हाही कळलं. मी खाली मान घालून बसलो. त्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "जा आता. त्या लेकराला आधी बाहेर ने."

बाहेर आल्यावर काकूनं एवढंच विचारलं, "पेपर कसा गेला?" मी म्हटलं, "बरा." तिनं मान हलवली. मग सगळ्यांना गिला वडा खाऊ घातला. दह्यात बुडवलेला तो थंडगार वडा मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला आणि अर्धा बेबीला दिला. अंबादेवीच्या पायरीवर आम्ही धावतच गेलो आणि धावतच उतरलो. नर्सरी बंद झाली होती. वायसरचं दुकान शोधायला गेलो असतो तर एसटी गेली असती.

सांजेला मळ्यात जगरा धुमसत होता. शेठ खाटेवर लोडाला टेकून बसले होते, बाबा त्यांच्या शेजारी, काका गोवऱ्या सारत होते. आम्ही पोचताच बेबी पळत गेली. तिला दिवसभर कोणी काही सांगू नको असं बजावलं नव्हतं. एवढ्या गडबडीत ते राहूनच गेलं.

"मोठेबाबा, दादानं पेपर देल्ला. लई मोठ्या शाळेत. आमी विटी-दांडू खेळलो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं.

"बेबे, तुह्या मायले इचार, रोपं कुठं आहेत?"

बेबी वळली, पण तिला विचारावं लागलं नाही. काकू पुढे आली, पदर डोक्यावर होता पण चेहरा उघडा होता, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा बाबांशी थेट बोलली.

"रोपं नाई आनली, भाऊजी. वायसरबी नाई. पोराचा पेपर होता, म्या नेलं. नवस-बिवस काई नोयता. त्याले शिकाचं आहे."

गोवरी फुटल्याचा आवाज आला. आईनं तोंडाला पदर लावला. शेठ रोडग्यावर तूप घेता घेता थांबले. "मंग माह्या गादीवर कोन येऊन राहिलं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि तूप पुढे घेतलं. माझ्यासाठी कोणी बोललं असेल तर ती काकू. मी तिथंच उभा होतो, बोलता येत होतं, शुद्ध आणि अशुद्ध दोन्ही. दिवसभरात दुसऱ्यांदा मी गप्प राहिलो.

बाबांनी निवाडा दिला तो जेवणं झाल्यावर. पेपरबद्दल एक शब्द नाही. देवीच्या नावानं खोटं बोलली, म्हणून काकूनं तो न बोललेला नवस फेडायचा. वर्षभर मंगळवार, निर्जळी. आणि काकूनं ते धरले. फुलं तोडायच्या दिवसांत, उन्हात, पाण्याच्या थेंबाशिवाय. माझ्या पदवीचा पाया कशावर आहे असं कोणी भाषणात विचारलं, तर मी जिद्द, कष्ट वगैरे सांगतो. लोकांना तेच ऐकायचं असतं. खरं म्हणजे तो काकूच्या बावन्न मंगळवारांवर आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी निवडीचं पत्र आलं. ते घरात वाचून दाखवायचा मान एकाच माणसाचा होता. काकूनं चौकात उभी राहून ते दोनदा वाचलं. बाबांनी ऐकलं आणि भिंतीशी उभ्या पोराला म्हणाले, "इचार बरं, त्या होस्टेलाजवळ फुलाचं दुकान आहे काय?" काकू म्हणाली, "सांग, दोन आहेत म्हनावं." ती दुकानं तिनं त्या दिवशी मोजून ठेवली होती. बाबांनी थोडा वेळ हिशेब घातला, आणि माझं उच्च शिक्षण अशा अटीवर मंजूर झालं की दर शनिवारी एसटीनं येणारी झेंडूची गाठोडी मी उतरवून दुकानात पोचवीन. तीन वर्षं मी ती पोचवली. त्यामुळे मी कॉलेजात गेलो असं आमच्या घरात कधीच कोणी म्हटलं नाही. मी अमरावतीला फुलांच्या कामावर होतो, आणि रिकाम्या वेळात बी.ए. झालो.

पहिल्या हिवाळ्यात पौष आला आणि सहामाही परीक्षेमुळे मला घरी जाता येईना. तेव्हा मी काकूला पत्र लिहिलं. ते तिनं ठेवलं होतं हे मला माहीत नव्हतं. परवा नातवाच्या वाढदिवशी बेबीनं ते माझ्या हातात दिलं. तिनं त्यावर प्लास्टिक चढवून आणलं आहे, आता ते पाण्यात पडलं तरी चालेल. अक्षर माझंच आहे. जसं आहे तसं उतरवतो.

तीर्थस्वरूप वत्सलाकाकूस,

शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

हे पत्र तू एकटीच वाच. मोठ्यानं वाचू नको.

माझी तब्येत बरी आहे. जेवण चांगलं असतं, भाजीला तिखट कमी असतं. अभ्यास जमतो. इंग्रजीच्या पहिल्या चाचणीत नापास झालो होतो, दुसरीत पास झालो. बाबांना सांगू नको.

काकू, मुलाखतीच्या दिवशी मी जे बोललो ते तू खिडकीखाली ऐकलं. तू ऐकलं हे मी पाहिलं होतं. मग तुला आत बोलावलं, तेव्हा तू माझंच खोटं धरून ठेवलं, माझ्यासाठी. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. घरी मळ्यातही बोलायला पाहिजे होतं. दोन्ही वेळा बोललो नाही. तू मला कधी रागावली नाही, म्हणून मला माफीही मागता आली नाही. दर मंगळवारी इथं ताटावर बसलो की मला पाणी जात नाही, पण मी पितो, कारण मी न प्यायल्यानं तुझी तहान भागत नाही.

मागच्या आठवड्यात मी मफलरवाल्या सरांकडे गेलो. त्यांना सांगितलं की त्या दिवशी माझ्याबरोबर आलेली बाई माझी काकू होती आणि ती सगळी पोरं माझी भावंडं होती, आणि मी खोटं बोललो होतो, माझी जागा काढून घ्यायची तर घ्या. ते म्हणाले, मला त्याच दिवशी माहीत होतं. मग मला का घेतलं असं मी विचारलं. ते म्हणाले, तुला नाही घेतलं, त्या बाईनं आणलेल्या मुलाला घेतलं.

पुढच्या महिन्यात इथं पालकांचा मेळावा आहे. सगळ्यांच्या घरचे येतील. तू ये. काकांना जमलं तर त्यांना आण, नाही तर बेबीला आण, नाही तर सगळ्यांनाच आण. त्या दिवशी आली होती तशीच ये, तेच लुगडं नेसून, तेच गाठोडं घेऊन. फाटकावरचा शिपाई नवीन आहे, तो विचारेल कोणाकडे आलात. तू काही सांगू नको. मी तिथं उभा राहीन आणि मीच सांगीन.

तुझा,
दादा